घरी चार्ज होणारी इलेक्ट्रिक गाडी: बॅटरी कशाने झिजते आणि ती कशी जपायची

इलेक्ट्रिक गाडी दारात आली की ओळखीपाळखीचे सगळे एकच विचारतात: फास्ट चार्जरला लावली तर बॅटरी जाते म्हणे? प्रश्न चुकीचा नाही, पण घरी चार्ज करणाऱ्यासाठी तो फार पुढचा आहे. खाजगी गाडी दिवसातून दीड-दोन तास चालते, बाकीचा सगळा वेळ उभी असते. ती कुठे उभी असते, किती तापते आणि त्या वेळी बॅटरीत किती टक्के असतात, यावर आठ-दहा वर्षांनंतरची तिची अवस्था ठरते. चार्जर कुठला, हा प्रश्न त्यानंतरचा.

यामागचं कारण थोडक्यात. लिथियम आयन सेलमध्ये ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर एक अतिपातळ थर असतो. पहिल्या चार्जिंगच्या वेळीच तो तयार होतो आणि तो लागतोच. पण पुढे तो हळूहळू जाड होत राहतो आणि दर वेळी थोडं लिथियम कायमचं गिळतो. जितकी उष्णता जास्त आणि सेल जितका भरलेला, तितका हा थर लवकर वाढतो. गाडी चालली नाही तरी हे चालूच असतं. याशिवाय चार्ज-डिस्चार्जच्या प्रत्येक फेरीत इलेक्ट्रोड फुगतात, आकसतात आणि थकतात, तो झिजेचा दुसरा प्रकार. घर ते ऑफिस चालणाऱ्या गाडीत पहिला प्रकार जास्त महत्त्वाचा ठरतो.

घाबरण्यासारखं यात फार काही नाही. जिओटॅब या कंपनीने हजारो इलेक्ट्रिक वाहनांच्या माहितीवरून २०२४ मध्ये सरासरी घट वर्षाला सुमारे १.८ टक्के मांडली होती. पहिल्या वर्षी-दोन वर्षांत घट थोडी ठळक दिसते, मग वेग मंदावतो. त्यामुळे नवी गाडी वर्षभरात तीन टक्के उतरली तर लगेच सर्व्हिस सेंटर गाठू नका.

पायरी १: आपल्या गाडीत कुठली बॅटरी आहे ते पाहा

भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत मुख्यतः दोन रसायनं आहेत. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, ही टाटाच्या नेक्सॉन, पंच आणि टियागोच्या इलेक्ट्रिक आवृत्त्यांत, एमजी विंडसरमध्ये, महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मध्ये आणि बीवायडीच्या ब्लेड बॅटरीत असते. निकेल, मँगनीज आणि कोबाल्टची एनएमसी ही ह्युंदाई कोना (तिची इथली विक्री आता बंद आहे), क्रेटा इलेक्ट्रिक, किया ईव्ही ६ अशा गाड्यांत. मॅन्युअलमध्ये किंवा वॉरंटीच्या कागदांत हे लिहिलेलं असतं. नसेल तर शोरूममध्ये विचारा आणि उत्तर लेखी घ्या, कारण विक्रीच्या काउंटरवर ‘सर, लिथियमच आहे’ एवढंच उत्तर मिळण्याची शक्यता बरीच असते.

फरक का पडतो? एनएमसी सेलचं व्होल्टेज टक्क्यांबरोबर नीट चढत-उतरत जातं. एलएफपीचं मात्र मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतं. घरातल्या गॅस सिलिंडरसारखं: गॅस संपत येईपर्यंत शेगडीची ज्योत तशीच, त्यामुळे आत किती उरलाय ते ज्योतीवरून कळत नाही. गाडीची बॅटरी मॅनेजमेंट यंत्रणा, म्हणजे बीएमएस, अशा वेळी आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजून अंदाज बांधते आणि तो हळूहळू घसरत जातो. शंभर टक्क्यांजवळ व्होल्टेज एकदम चढतं, तिथे तिला पक्की खूण मिळते आणि सेल एकमेकांशी समतोल करायलाही जागा मिळते. म्हणून एलएफपी गाड्यांना अधूनमधून पूर्ण चार्ज करायला सांगतात. टेस्ला आपल्या एलएफपी गाड्यांसाठी आठवड्यातून एकदा सांगते.

पायरी २: प्लगच्या आधी अर्थिंग

बॅटरीच्या टक्क्यांवर तासन्‌तास वाद घालणारे लोक पार्किंगमधल्या जुन्या सॉकेटला गाडी लावून झोपतात, हे बघितलं की काळजी वाटते. गीझर पंधरा मिनिटं चालतो, मिक्सर दोन मिनिटं. गाडी सलग आठ-नऊ तास १३-१४ अँपिअर ओढते. सॉकेटमधली जरा सैल झालेली पत्ती एरवी कधी लक्षात येत नाही. या भाराखाली ती तापते, प्लास्टिक पिवळं पडतं आणि एक दिवस वितळतं.

वायरमनकडून हे करून घ्या:

- मीटर बोर्डपासून गाडीसाठी स्वतंत्र लाइन. १५-१६ अँपिअरच्या सॉकेटसाठी ४ चौरस मिमी तांब्याची वायर, ३२ अँपिअरच्या वॉल बॉक्ससाठी, म्हणजे भिंतीवर बसवायच्या चार्जरसाठी, किमान ६. सोसायटीत मीटर रूम ते पार्किंग अंतर ५०-६० मीटर असेल तर एक माप वर जा. ३२ अँपिअरला ६० मीटरवर ६ चौरस मिमी वायरमध्ये बारा-एक व्होल्ट वाटेतच जातात. तिथे १० घ्या.
- त्या लाइनला स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. आरसीसीबी ‘टाइप ए’ मागा. दुकानदार सहसा ‘टाइप एसी’ पुढे करतो, तो स्वस्त असतो, पण गाडीसारख्या इलेक्ट्रॉनिक भारासाठी योग्य नाही.
- घरगुती सॉकेटऐवजी निळ्या रंगाचा गोल इंडस्ट्रियल सॉकेट बसवता आला तर उत्तम. मात्र गाडीबरोबर आलेल्या केबलचा प्लग कापून बदलू नका, वॉरंटीचा प्रश्न येतो. आधी कंपनीला विचारा.
- अर्थिंग मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज भार चालू असताना दोन-तीन व्होल्टच्या आत असावं, असं चांगले वायरमन धरतात. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हे बऱ्याचदा दहाच्या पुढे निघतं. मग चार्जर लाल दिवा दाखवतो आणि माणूस गाडीला दोष देतो. अर्थ पिन न्यूट्रलला जोडून दिवा ‘गप्प करणारे’ वायरमन भेटतील. त्यांना चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल तुटली तर गाडीचा पत्राच करंटला लागतो.

एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका, कितीही जाड दिसला तरी. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगच्या बाजूला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बंद करा आणि सॉकेट बदला. ही तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी करा, कारण पत्त्या वापरानेच सैल होतात.

विजेचा मंजूर भारही पाहा. तो बिलावर छापलेला असतो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॉट ओढणारी गाडी आणि दोन एसी एकाच वेळी चालणार असतील तर भार वाढवून घ्यावा लागतो आणि ७.२ किलोवॉटच्या वॉल बॉक्ससाठी घराचा बाकीचा वापर धरून थ्री फेज लागू शकतं. घरातल्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतच मुभा दिली आहे. सोसायटीच्या बैठकीत कोणी ‘परवानगीच नाही’ म्हणालं तर त्या सूचनांची प्रत समोर ठेवा. लाइन आपल्याच मीटरवरून येणार आहे हे दाखवलं की निम्मा विरोध तिथेच मावळतो.

पायरी ३: १५ अँपिअर की ७.२ किलोवॉट, हे रोजच्या किलोमीटरवरून ठरवा

रोज ४० किमी चालणारी आणि युनिटला ७ किमी देणारी गाडी धरा. बॅटरीतून सहाच्या आसपास युनिटं जातात, भिंतीतून सात घ्यावी लागतात. ३.३ किलोवॉटवर हे दोन-सव्वादोन तासांचं काम आहे. वॉल बॉक्सची गरज बहुतेक घरांना नसतेच. एका घरात दोन गाड्या असतील किंवा रोज शंभराच्या वर फिरणं असेल तर गोष्ट वेगळी.

बॅटरीच्या दृष्टीने या दोहोंत नाव घेण्याजोगा फरक नाही. ४० किलोवॉट-अवरच्या बॅटरीला ७.२ किलोवॉट म्हणजे साडेपाच तासांत भरण्याचा वेग, सेलला तो हळूच वाटतो. ‘स्लो चार्जिंग जास्त चांगलं’ म्हणून मुद्दाम ६ किंवा ८ अँपिअरवर सेटिंग उतरवणारे आहेत. त्यातून बॅटरीला काही मिळत नाही. उलट चार्जिंग चालू असताना गाडीचे पंप आणि कॉम्प्युटर जागे राहतात, त्यांचा खर्च जास्त तास होतो आणि बिल वाढतं.

पायरी ४: किती टक्के भरायचं

एनएमसी असेल तर रोजची मर्यादा ८० टक्के ठेवा. उद्या पुण्याहून कोल्हापूरला जायचं असेल तर आदल्या रात्री १०० करा, पण पूर्ण होण्याची वेळ निघण्याच्या जवळ आणा. शंभर टक्के करण्यात अपाय थोडा आहे. शंभरवर तीन दिवस उन्हात उभी ठेवण्यात बराच आहे.

एलएफपीबद्दल ‘रोज शंभर करा, काही होत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट खरं आहे. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात बॅटरी संशोधक जेफ डान यांच्या गटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कायम वरच्या टक्क्यांत फिरवलेले एलएफपी सेल खालच्या टक्क्यांत फिरवलेल्या सेलपेक्षा लवकर झिजताना दिसले. म्हणजे एलएफपी सोशिक आहे, पण तिलाही पूर्ण भरून उभं राहणं मानवत नाही. यावर माझा तोडगा असा: आठवडाभर ७०-८० पर्यंत आणि आठवड्यातून एकदा, ज्या दिवशी जास्त फिरणं असेल त्याच्या आदल्या रात्री, १०० पर्यंत. पूर्ण झाल्यावर लगेच प्लग ओढू नका. समतोलाचं काम शेवटी रेंगाळत चालतं, गाडी स्वतः थांबेपर्यंत थांबा. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं असेल तर मॅन्युअलचं ऐका, वॉरंटी त्यावर आहे.

खालच्या बाजूला लोक उगाच धास्तावतात. २० टक्क्यांच्या खाली गेलं की बॅटरीला इजा होते, ही समजूत फारशी टिकत नाही. १५ टक्क्यांवर घरी पोचून रात्री चार्जिंगला लावली तर सेलला काही त्रास नाही. खालची मर्यादा मुख्यतः आपण रस्त्यात अडकू नये म्हणून असते. जपायचं ते एवढंच की पाच टक्क्यांवर आलेली गाडी तशीच आठवडाभर सोडायची नाही.

रोज थोडं थोडं लावावं की दोन-तीन दिवसांनी एकदम? ८० वरून ६० आणि पुन्हा ८०, अशा लहान फेऱ्या सेलला सोप्या जातात. पण रोज लावण्याच्या नादात गाडी कायम ८० लाच राहत असेल तर फायदा उरत नाही. ५० च्या आसपास घुटमळणारी सवय सर्वांत बरी: ३५-४० ला लावा, ७० ला काढा.

काही गाड्यांत चार्जिंगची मर्यादा ठरवायची सोयच नाही. तिथे साधं गणित चालतं. ३.३ किलोवॉटवर तूट वजा जाता तासाला २.९ युनिटं बॅटरीत पडतात. ३० किलोवॉट-अवरची (म्हणजे ३० युनिटांची) बॅटरी असेल तर तासाला साधारण साडेनऊ टक्के, ४० ची असेल तर सात. ४० वरून ७५ ला न्यायचं तर पहिलीला पावणेचार तास, दुसरीला पाच. गाडीच्या ॲपमध्ये वेळ लावता येते. नसेल तर वायरमनकडून कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा स्विच) आणि टायमर बसवून घ्या. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त स्मार्ट प्लगवर मात्र विसंबू नका. त्यावर १६ अँपिअर छापलेलं असतं, पण तासन्‌तास तेवढा भार पेलायला ते बनलेले नसतात.

पायरी ५: कधी लावायचं

इथे दोन हिशेब एकमेकांच्या आड येतात. स्मार्ट टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार दर लावणारं मीटर, असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरण सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या काळातल्या वापरावर सवलत देतं. बॅटरीला मात्र पहाटेचा गारवा मानवतो. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात गाडी सावलीत किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये असेल तर खुशाल दुपारी लावा, पैसे वाचवा. नागपूर-अकोला-चंद्रपूरकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना दुपारी लावू नका. मध्यरात्रीनंतर सुरू करून सहा-सातला संपेल असं लावा. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचे दर वेगळे आहेत, तेव्हा आपलं बिल समोर घेऊनच ठरवा.

घरगुती दर टप्प्यांचे आहेत आणि महिना १२०० किमी फिरणारी गाडी १९० च्या आसपास युनिटं वाढवते, म्हणजे ती बिल वरच्या टप्प्यात ढकलते. इलेक्ट्रिक वाहनांसाठी वेगळी दरश्रेणी आहे. त्यासाठी स्वतंत्र मीटर परवडतं का, हे स्थिर आकारासह मांडून बघा. छतावर सौर पॅनेल असतील तर प्रश्न सोपा होतो. महाराष्ट्रात १ किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटं धरतात, तेव्हा पीएम सूर्यघरमधून बसवलेले ३ किलोवॉट रोजचे ७०-८० किमी सहज भागवतात.

पायरी ६: उन्हाळा आणि पावसाळा

उष्णतेचा सगळ्यात बोलका दाखला अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा आहे. २०१२ मध्ये फिनिक्स शहरातल्या निसान लीफच्या मालकांच्या लक्षात आलं की गाडी जेमतेम एक-दोन वर्षांची असताना डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या रेघा कमी व्हायला लागल्या आहेत. त्या बॅटरीला थंड ठेवणारी वेगळी यंत्रणाच नव्हती आणि फिनिक्सचा उन्हाळा आपल्या विदर्भासारखा. पुढे निसानने उष्णता जास्त सोसणारं रसायन आणलं. आज आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत बॅटरीभोवती कूलंट फिरतं, त्यामुळे तसं होण्याची भीती कमी. पण गाडी बंद करून उन्हात लावली की हे कूलिंग सहसा बंदच असतं. म्हणून सावलीची जागा हाच बॅटरीचा सर्वांत स्वस्त विमा. ऑफिसमध्ये उघड्यावरच जागा असेल तर उन्हाळ्यात घरून निघताना ९५ ऐवजी ६० टक्के असू द्या.

भर दुपारी हायवेवरून आल्या आल्या प्लग लावू नका. तासभर थांबा, बॅटरीची ऊब थोडी उतरू द्या. घाई असेल तर लावा, गाडी स्वतःला सांभाळते, फक्त पंखा जोरात ऐकू येईल.

पावसाळ्यात चार्जिंग करायला हरकत नाही, बॅटरी पॅक आणि गन पाण्यासाठी बनवलेले असतात. अडचण भिंतीकडच्या टोकाला असते. सॉकेट छपराखाली आणि कंबरेच्या वर हवा. केबलवरचा कंट्रोल बॉक्स सॉकेटला लोंबकळू देऊ नका, हुकावर टांगा, नाहीतर त्याच्या वजनाने पिना सैल होतात. मुंबई-ठाण्यात तळमजल्यावर पाणी भरतं त्या इमारतींत इशारा आला की आधी एमसीबी पाडा, मग केबल काढा. वळवाच्या विजांसाठी बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा. कोकणात खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो, तो दिसला की सॉकेटच बदललेला बरा.

पायरी ७: घाट, लांबचा प्रवास आणि फास्ट चार्जर

लोणावळ्यात, महाबळेश्वरला किंवा पाचगणीला घर असेल तर शंभर टक्के भरून घाट उतरायला निघू नका. भरलेल्या बॅटरीत ब्रेकिंगची ऊर्जा घ्यायला जागा नसते, गाडी रिजन, म्हणजे वेग कमी होताना वीज परत बॅटरीत भरणं, जवळपास बंद करते आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. ८५-९० वर निघा. खोपोलीत पोचेपर्यंत थोडे टक्के फुकट मिळतात.

महिन्यातून चार-पाच वेळा डीसी फास्ट चार्जर वापरला म्हणून बॅटरी मोडत नाही. तिथेही ८० नंतर वेग इतका पडतो की मागे रांग असताना बसून राहण्यात अर्थ नसतो. रोजचंच चार्जिंग डीसीवर करत असाल तर मात्र घरच्या लाइनचा खर्च करून टाका, दीर्घ हिशेबात तो निघतो.

पायरी ८: गाडी महिनाभर उभी राहणार असेल

मे महिन्यात गावी किंवा मुलांकडे परदेशी जाताना गाडी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, सावलीत लावा, प्लग काढा. शंभरवर सोडणं हे नकळत होणारं सर्वांत मोठं नुकसान. ॲप वारंवार उघडून गाडी ‘जागी’ करू नका. मोठ्या बॅटरीपेक्षा इथे दगा देते ती १२ व्होल्टची लहान बॅटरी. ती उतरली तर मोठीत ५० टक्के असूनही दरवाजा उघडत नाही. यांत्रिक किल्ली कुठे आहे आणि १२ व्होल्टची टर्मिनलं कुठे आहेत, हे जाण्याआधी पाहून ठेवा.

पायरी ९: वर्षातून एकदा मोजा

डॅशबोर्डवरची रेंज हे बॅटरीच्या तब्येतीचं मोजमाप नव्हे. एसी, वेग, टायरमधली हवा आणि मागच्या काही दिवसांचं ड्रायव्हिंग यांवर ती हलते. खरं मोजायचं तर हिवाळ्यात, दर वर्षी त्याच महिन्यात, गाडी १० टक्क्यांपर्यंत उतरवा, घरच्या त्याच चार्जरवर १०० करा आणि लाइनवरच्या मीटरने किती युनिटं दाखवली ते लिहून ठेवा. समजा ४१ युनिटं लागली. चार्जिंगमधली तूट धरून त्यातली ८८ टक्के बॅटरीत गेली म्हणा, म्हणजे ३६. ही ९० टक्क्यांची भरती असल्याने पूर्ण क्षमता आली ४०. तूट ८८ धरली की ८६ याने फारसं बिघडत नाही, दर वर्षी आकडा तोच धरा आणि फरकाकडे पाहा. ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचं छोटं उपकरण) लावून ॲपमध्ये आरोग्याचे टक्के दिसतात, पण ते बीएमएसच्या अंदाजावर चालतात, एलएफपीत पूर्ण चार्ज न करता पाहिले तर फसवतात.

बऱ्याच गाड्यांना बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी असते, जे आधी होईल ते. तिच्यात किती टक्क्यांखाली क्षमता गेली तर दावा मान्य होतो, दुसऱ्या मालकाला ती मिळते का आणि दर सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करायची अट आहे का, या तीन ओळी शोधून काढा. सातव्या वर्षी दाव्याची वेळ आली तर तुमची ही वही आणि सर्व्हिसच्या पावत्या सोबत न्या, आणि बॅटरीची अधिकृत क्षमता चाचणी करून तिचा अहवाल लेखी मागा.